उस्मानाबादीचं दूध: रक्त किती, चारा किती?

सोलापूर, धाराशिव, लातूर हा उस्मानाबादी शेळीचा मूळ पट्टा. काळी, काटक, जुळी देणारी. दूध मात्र दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर. स्वित्झर्लंडची सानेन तीन लिटर देते म्हणून काहींचा जीव तिच्यावर जडतो. माझं मत सरळ आहे: सोलापूरच्या ४२-४३ अंशांत ती सांभाळणं हौशी खिशाचं काम. रवंथ आणि पचनातूनही अंगात उष्णता तयार होते, म्हणून ऊन तापलं की शेळी चारा कमी खाते आणि दूध आटतं.

दुधातला शेळी-शेळीतला फरक ढोबळमानाने एक तृतीयांश आनुवंशिक धरतात. बाकी चारा, पाणी, आजार, वेत, विण्याचा हंगाम. पावसाळ्यात व्यायलेलीला बांधावरचा हिरवा पाला मिळतो, मार्चमधलीच्या वाट्याला बऱ्याचदा नुसता कडबा. दूध भरात येतं तिसऱ्या-चौथ्या वेतात, त्यामुळे पहिलटकरणीला लगेच विकायला काढू नका!

रक्ताचा तो हिस्सा मात्र पिढ्यान् पिढ्या साठत जातो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं उस्मानाबादीच्या निवड पैदाशीवर काम केलंय. आपण सांगोल्याच्या बाजारात बोकडाचे दात बघतो, कंबर चाचपतो. त्याच्या आईचं दूध किती, हे क्वचितच विचारतो. करडाचं निम्मं रक्त त्याचंच, शिवाय एकाच बोकडाची करडं कळपभर असतात.

आठवड्यातून एकदा करडं बाजूला बांधून दूध मापा, वहीत लिहा. बोकड त्या वहीतूनच निवडा.