कमी व्याजाची किंमत

दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत मोटारींच्या जाहिरातींत दोन आकडे ठळक टायपात झळकतात. एक रोख सवलतीचा, दुसरा व्याजदराचा. पहिला जितका मोठा तितका चांगला, दुसरा जितका लहान तितका चांगला, ही आपली समजूत चुकीची नाही. अडचण अशी की हे दोन्ही बहुधा एकत्र मिळत नाहीत. ‘रोख सवलत हवी असेल तर कर्ज तुमच्या बँकेकडून आणा, आमचा खास दर हवा असेल तर सवलत मिळणार नाही,’ असा पर्याय टेबलावर येतो आणि एरवी भाजीच्या जुडीवर घासाघीस करणारा माणूस इथे गप्प बसतो. रुपयांतली सवलत आणि टक्क्यांतला दर यांची तुलना तोंडी करता येत नाही. मग जो आकडा डोळ्यांत भरेल तो निवडला जातो. या लेखाचे म्हणणे असे की, खास व्याजदर ही गाडीच्या किमतीतलीच सवलत असते, फक्त ती हप्त्याहप्त्याने हाती पडते. तिची आजच्या रुपयांत किंमत काढल्याशिवाय कोणती ऑफर स्वस्त, हे ठरत नाही. आणि ती काढायला शाळेतल्या गणितापेक्षा फारसे जास्त लागत नाही.

आधी हा खास दर येतो कुठून ते पाहू. बँक किंवा वित्तकंपनी स्वतःचा तोटा करून कुणाला कर्ज देत नाही. बाजारात 9 टक्के दर चालू असताना 7 टक्क्यांनी कर्ज मिळते, तेव्हा मधल्या 2 टक्क्यांची भरपाई बहुतेक वेळा गाडी बनवणारी कंपनी करते. धंद्यात याला ‘सबव्हेन्शन’ म्हणतात. प्रत्येक मॉडेलमागे विक्रीवाढीसाठी काही रक्कम बाजूला काढलेली असते. ती रोख सवलत म्हणून द्यायची की व्याजाच्या रूपाने, हा कंपनीचा निर्णय. युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1919 साली गाड्यांच्या खरेदीसाठी स्वतःची वित्तकंपनी काढली, आणि सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर थंडावलेली विक्री उठवायला तिनेच शून्य टक्के व्याजाची मोठी मोहीम चालवली. आपल्याकडे सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डावरच्या ‘शून्य टक्के’ हप्त्यांबाबत बँकांना बजावले, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. ते परिपत्रक मोटारींबाबत नव्हते, पण त्यातले तत्त्व इथेही लागू पडते. व्याज कमी दिसले, तर ते दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात गेले आहे असे धरून चालावे.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा, 8 लाखांचे कर्ज 5 वर्षांसाठी हवे आहे. पहिल्या ऑफरमध्ये दर 7 टक्के, पण रोख सवलत नाही. दुसऱ्या ऑफरमध्ये 40,000 रुपयांची सवलत, पण कर्ज बँकेच्या नेहमीच्या 9 टक्क्यांनी. 7 टक्क्यांना महिन्याचा हप्ता 15,841 रुपये पडतो, 9 टक्क्यांना 16,607. फरक महिन्याला 766 रुपये, म्हणजे 60 हप्त्यांत जवळजवळ 46,000. हा 46,000 चा आकडा 40,000 च्या सवलतीपेक्षा मोठा, म्हणून 7 टक्केवाली ऑफर चांगली, असा निष्कर्ष शोरूममध्ये चटकन काढून दिला जातो. तो चुकीचा आहे, कारण 40,000 आज मिळतात आणि 46,000 पाच वर्षांत थोडेथोडे. हे पडताळायला कोणतेही सूत्र लागत नाही. सवलतीचे 40,000 कर्जातूनच वजा करा. आता 7 लाख 60 हजारांचे कर्ज 9 टक्क्यांनी घेतले तर हप्ता होतो 15,776 रुपये. म्हणजे 7 टक्क्यांच्या हप्त्यापेक्षा 65 रुपयांनी कमीच, आणि पाच वर्षांत 3,900 रुपयांची बचत. जास्त दराचे कर्ज इथे स्वस्त पडले. दोन ऑफरींत सुरुवातीला भरायची रोख रक्कम आणि मुदत सारखी ठेवायची, सवलत कर्जातून वजा करायची आणि मग फक्त हप्ते समोरासमोर ठेवायचे, ही एकच रीत लक्षात ठेवली तरी पुरे.

मुदत बदलली की निकालही बदलतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. वरच्या उदाहरणात 2 टक्क्यांच्या सवलतीची आजची किंमत पाच वर्षांसाठी सुमारे 36,900 रुपये भरते. तेच कर्ज तीन वर्षांत फेडायचे असेल तर ती जेमतेम 23,200 उरते. सात वर्षांचे कर्ज असेल तर 49,500 वर जाते. म्हणजे कर्ज लवकर फेडू पाहणाऱ्याने रोख सवलत घ्यावी, लांबवणाऱ्याला खास दर परवडू शकतो. पण म्हणून मुदत लांबवावी, असे मात्र नव्हे. 9 टक्क्यांनी 8 लाखांवर पाच वर्षांत सुमारे 1 लाख 96 हजार व्याज जाते. सात वर्षांत हप्ता 12,871 पर्यंत उतरतो खरा, पण व्याज 2 लाख 81 हजारांवर पोचते. शिवाय खास दर अनेकदा ठरावीक मुदतीपुरता आणि ठरावीक रकमेपर्यंतच असतो. जाहिरातीतला दर तीन वर्षांचा आणि आपल्याला हवे असलेले कर्ज सात वर्षांचे असेल, तर त्या दराचा आपल्याशी काही संबंध उरत नाही.

दर ऐकताना आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हा दर फ्लॅट की घटत्या शिलकीवर? ‘6 टक्के फ्लॅट’ म्हणजे पहिल्या दिवसाच्या पूर्ण 8 लाखांवर पाचही वर्षे व्याज. ते होते 2 लाख 40 हजार, हप्ता 17,333. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर 10.85 टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे बँकेच्या 9 टक्क्यांपेक्षा चांगलाच महाग. त्यावर प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, कर्जाला चिकटवलेला विमा. 8 लाखांवर 8,000 रुपये फी कापली, तर 9 टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात 9.4 टक्क्यांना पडते. 1 ऑक्टोबर 2024 पासून मात्र ग्राहकाच्या हाती एक चांगले साधन आले आहे. नव्या किरकोळ कर्जासाठी बँकांनी आणि वित्तकंपन्यांनी सही घेण्याआधी एक ठळक माहितीपत्रक द्यायचे, त्यात सर्व शुल्क धरून निघणारा वार्षिक खर्चाचा दर आणि परतफेडीचा तक्ता द्यायचा, आणि त्यात न दाखवलेले शुल्क नंतर कर्जदाराच्या संमतीशिवाय लावायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दोन कर्जांची तुलना करायची तर ही दोन पत्रके शेजारी ठेवून करावी.

दर स्थिर की बदलता, हाही किमतीचाच भाग. फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो दर 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची किरकोळ कर्जे बाह्य मानकाशी जोडलेली असल्याने रेपोशी बांधलेल्या कर्जांना ही घट मिळाली; स्थिर दराच्या कर्जदाराला काही मिळाले नाही. उलट दर चढले असते तर तोच सुखात राहिला असता. मुदतीआधी फेडण्याबाबत चित्र जास्त स्पष्ट आहे. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर होणाऱ्या बदलत्या दराच्या कर्जावर, ते व्यक्तीने व्यवसायाखेरीज अन्य कामासाठी घेतले असेल तर, मुदतपूर्व फेडीचा आकार लावता येत नाही. स्थिर दराच्या कर्जाला हे सरसकट संरक्षण नाही, आणि मोटारीची पुष्कळ कर्जे स्थिर दराचीच असतात. बोनसमधून कर्ज फेडून टाकू, असा बेत असणाऱ्याने हा आकार आधीच विचारून घ्यावा.

आता कोटेशनचा कागद हातात घेऊ, कारण व्याजात वाचलेले पैसे तिथे परत जाऊ शकतात. एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, अ‍ॅक्सेसरीजचा संच, हँडलिंग: ओळीमागून ओळ असते. विम्यातला त्रयस्थ-पक्षाचा भाग सरकारने ठरवून दिलेला असतो. 1000 ते 1500 सीसीच्या नव्या खासगी मोटारीचा तीन वर्षांचा हा हप्ता 2022 मध्ये 10,640 रुपये ठरला; जीएसटी वेगळा. तो कुठेही घेतला तरी तेवढाच. फरक पडतो तो गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आणि हा विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. ‘एकूण फायदे’ या आकड्याचेही तुकडे करावेत. जुन्या गाडीवरचा एक्स्चेंज बोनस मोठा आणि त्याच जुन्या गाडीची किंमत बाजारभावापेक्षा 30 हजारांनी कमी, तर बोनस आपल्याच पैशांतून आला. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी 28 टक्के अधिक उपकर यावरून 18 टक्क्यांवर आला. तो फायदा कुणी स्वतःच्या सवलतीत मोजत असेल तर तो वजा करावा, कारण शेजारच्या शोरूममध्येही तो तेवढाच आहे. वर्ष संपता संपता मिळणाऱ्या मोठ्या सवलतीमागे सरत्या वर्षाची बनावट असते आणि विकताना ते वर्ष भावात धरले जाते. उलट 10 लाखांवरच्या गाडीवर कापला जाणारा 1 टक्का टीसीएस हा खर्चच नव्हे. आयकर विवरणपत्रात तो जमेला धरता येतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो विक्रेत्याच्या बाजूने: सवलत कंपनीच ठरवते, आमच्या हातात काही नाही. ही तक्रार अगदीच खोटी नाही. विक्रेत्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे सवलत देऊ नये म्हणून निर्बंध घातल्याचा ठपका ठेवत स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2021 मध्ये मारुती सुझुकीला 200 कोटींचा दंड सुनावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. पण गाडीच्या किमतीत हात बांधलेला विक्रेता कर्ज, विमा आणि अ‍ॅक्सेसरीजवर कमावतो, म्हणून तिथे त्याचा हात मोकळा असतो. याच कारणाने बँकेचे मंजुरीपत्र खिशात घेऊन शोरूममध्ये जाणे फायद्याचे. कर्जाच्या आडून दुसरी वस्तू गळ्यात मारली जाण्याचा धोकाही काल्पनिक नाही. वाहनकर्जदारांना तिऱ्हाईत कंपनीची बिगरवित्तीय वस्तू विकल्याच्या प्रकरणात रिझर्व्ह बँकेने मे 2021 मध्ये एचडीएफसी बँकेला 10 कोटींचा दंड केला होता.

दुसरा आक्षेप ठेवीवाल्यांचा: पैसे मुदत ठेवीत राहू द्या, गाडी कर्जावर घ्या. गणित मांडले जाते ते असे: 8 लाख 7 टक्क्यांनी पाच वर्षे ठेवले तर 3 लाख 32 हजार व्याज येते, 9 टक्क्यांच्या कर्जावर 1 लाख 96 हजारच जाते, म्हणजे कर्ज घेऊन फायदाच. यात दर महिन्याचे 16,607 रुपये कुठून येतात हे सोयीस्करपणे गाळलेले असते. रोखीने गाडी घेणारा तेच हप्ते त्याच 7 टक्क्यांनी आवर्ती ठेवीत भरू शकतो, आणि पाच वर्षांनी त्याच्या हाती सुमारे 11 लाख 87 हजार येतात. मुदत ठेववाल्याच्या हाती 11 लाख 32 हजार. त्यात 30 टक्क्यांच्या करगटातल्या माणसाला 7 टक्क्यांची ठेव करानंतर 5 टक्केही देत नाही. अडीअडचणीची पुंजी मोडू नये, हे मात्र खरे. तेवढी बाजूला ठेवून उरलेली रक्कम गाडीत घालावी.

तिसरा आक्षेप सगळ्यांत माणुसकीचा आहे: पगारदाराला एकूण व्याजापेक्षा हप्ता झेपतो की नाही हेच महत्त्वाचे. झेपणे महत्त्वाचेच. पण हप्ता ही कुंपणाची भिंत आहे, मोजपट्टी नव्हे. कोणताही हप्ता मुदत ताणून हवा तेवढा खाली आणता येतो. महिन्याला किती देऊ शकता, असे विक्रेत्याने विचारले तर उत्तर देण्याआधी गाडीची अंतिम किंमत लेखी मागावी. आधी किंमत, मग दर, शेवटी हप्ता.

राहता राहिला मुहूर्त. पाडव्याला दारात गाडी हवी, यात गैर काही नाही. पण ज्याची तारीख ठरली त्याची घासाघीस संपली, हे विक्रेत्यालाही ठाऊक असते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो महिनाभर आधी पाहावा, दोन बँकांकडून माहितीपत्रके घ्यावीत, दोन शोरूमची कोटेशने ओळीला ओळ लावून वाचावीत आणि सगळे एका मुदतीच्या एका हप्त्यात आणावे. या खटाटोपात एक सुटीचा दिवस जाईल. वरच्या उदाहरणात खास दर आणि रोख सवलत यांत 3,900 रुपयांचाच फरक निघाला. पण 9 टक्क्यांचे सरळ कर्ज सोडून ‘6 टक्के फ्लॅट’ला भुलणारा त्याच 8 लाखांवर 43 हजारांहून जास्त देऊन बसतो. आणि तो कमी दराचे कर्ज मिळाले म्हणून पेढेही वाटतो.