दात का हलतात?

चाळिशी उलटली की दात पडावयाचेच, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः दोष वयाचा नसून बहुधा हिरड्यांच्या रोगाचा असतो. दातांच्या कडेला साचलेला थर घट्ट होऊन त्याचे कीटण बनते. हिरडी सुजते, रक्त येते, आतील हाड झिजते आणि न किडलेला दातही हलू लागतो. मशेरीने हिरड्या बळकट होतात, ही समजूत तर घातकच! तंबाखूने रक्त येणे कमी होते. रोग मात्र आत वाढतच राहतो. तंबाखूयुक्त दंतमंजनावर केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत ती कशी पोहोचणार? तेथे शिक्षक व पंचायत सदस्य यांचाच शब्द उपयोगी पडेल. कीटण काढल्याने दात सैल होतात, ही भीतीही निराधार आहे. सैलपणा आधीचाच असतो.