लाल-काळ्या खुंट्या आणि भिंतीतलं सॉकेट

आजचा प्रश्न साधा आहे. ॲम्प्लिफायरच्या किंवा बेंच पॉवर सप्लायच्या खुंट्यांना वायर पिरगळून जोडायची की बनाना पिन लावायची?

या खुंटीला बाइंडिंग पोस्ट म्हणतात. चांगल्या पोस्टला पाच प्रकारे जोडणी करता येते: समोरच्या भोकात ४ मि.मी.ची बनाना पिन, आडव्या छिद्रातून उघडी वायर किंवा बारीक पिन, टोपीखाली दोन बोटांची लग, आणि वरून मगरचिमटा. माझी सिग्नल्समधली पहिली ओळख फील्ड टेलिफोनच्या दोन टर्मिनल्सशी झाली. उस्तादांनी तेव्हा शिकवलेलं आजही चालतं. वायर गुंडाळायची ती टोपी आवळण्याच्या दिशेनं, उलटी गुंडाळली तर आवळताना ती बाहेर ढकलली जाते. टोकावर सोल्डर चढवून ते टोपीखाली दाबू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांनी जोड सैल पडतो. तंतू मात्र नीट पिळून घ्या. एक सुटा तंतू शेजारच्या खुंटीला टेकला, की ॲम्प्लिफायरचं आउटपुट शॉर्ट झालंच.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग पिनच बरी. बरी आहेच. पण आता मुद्द्याचं ऐका.

दोन पोस्टमधलं प्रचलित अंतर पाऊण इंच, म्हणजे १९ मि.मी. त्या मापाची जोडपिनही मिळते. आता आपल्या घरातलं ६ अँपिअरचं सॉकेट बघा, ज्याला जुनी माणसं अजून ५ अँपिअरचं म्हणतात. फेज आणि न्यूट्रलच्या भोकांमधलं अंतरही पाऊण इंचच! भोकं जरा मोठी, सुमारे ५ मि.मी.च्या पिनांसाठी. म्हणजे शटर नसलेल्या सॉकेटमध्ये ही जोडपिन सहज आत जाते. पिना सुट्या असतील तर एकेक करूनही जातात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या घरी स्पीकरची वायर जमिनीवर पडली होती, दोन्ही टोकांना पिना. सहा वर्षांचा नातू एका टोकाच्या पिना सॉकेटात बसवून मोकळा झाला होता, दुसरं टोक त्याच्या मुठीत. "आजोबा, बघा, बरोब्बर बसलं!" बटण बंद होतं म्हणून निभावलं. नंतर टेस्टर लावून पाहिलं, तर बटण फेजमध्येच होतं. हे माझं नशीब. कित्येक घरांत वायरमननं ते न्यूट्रलमध्ये टाकलेलं असतं, आणि मग बटण बंद असूनही भोकात फेज जिवंत असतो.

युरोपातल्या दोन पिनांच्या सॉकेटमधलं अंतरही १९ मि.मी.च. म्हणून तिकडे विकायच्या स्पीकरच्या पोस्टमध्ये प्लास्टिकची बुचं बसवून देतात. आपण हौशी लोक टाचणीनं ती उपटून काढतो. मीही काढली होती.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. स्पीकरला पिनांऐवजी लग, किंवा नीट पिळलेली उघडी वायर. पिना लावल्याच, तर वायर आधी भिंतीजवळून उचलायची. मल्टिमीटरला मात्र संपूर्ण आवरणाच्या, ज्यांचा धातू बोटाला लागतच नाही अशाच लीड. उघड्या बनाना पिनेची लीड २३० व्होल्टच्या कामाला मी कुणालाही वापरू देत नाही. आणि घरातली सॉकेटं शटरची करून घेतली.

पुढच्या भागात क्रिंपिंगचा चिमटा घेऊन बसू.