घाटाची आकारणी

पुण्याहून खडकवासल्याच्या जलाशयाच्या कडेने डोणज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारी पहाटे सायकलस्वारांचा जो ओघ लागतो, त्यात सडपातळ आणि सराईत तरुणांच्या बरोबरीने हल्ली पोक्त वयाची, भरदार अंगाची माणसेही दिसू लागली आहेत, आणि ही गोष्ट मला मोठी आश्वासक वाटते. परंतु यांपैकी पुष्कळजण वनखात्याच्या नाक्यापाशी पोहोचल्यावर, समोर उठलेला सिंहगड पाहून, हे आपल्या वजनाला झेपणारे नव्हे असा निवाडा स्वतःच्याच विरुद्ध देऊन माघारी वळतात. हा निवाडा अपुऱ्या पुराव्यावर दिलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि पुरावा म्हणून मी येथे प्रथम साधे गणित रुजू करतो.

पायथ्यापासून गडावरच्या वाहनतळापर्यंतचा रस्ता अंदाजे 9 किलोमीटरांचा असून तेवढ्यात सुमारे 600 मीटरांची उंची चढावी लागते, म्हणजे सरासरी चढ शेकडा सात पडतो. अर्थात हा चढ सर्वत्र सारखा नाही, आणि काही वळणांवर तो याहून बराच उग्र होतो. स्वार 95 किलोचा आणि सायकल 12 किलोची धरली, तर हा 107 किलोंचा भार तेवढा उंच नेण्यास गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 630 किलोज्यूल कार्य करावे लागते; तीच सायकल घेऊन 65 किलोचा माणूस निघाला, तर त्याला 453 किलोज्यूल पुरतात. ही तफावत खरी आहे आणि कोणत्याही युक्तीने ती मिटत नाही. जमीनमहसुलाच्या भाषेत बोलायचे, तर घाटाची आकारणी वजनावर होते आणि तीत सूट किंवा तहकुबी मिळत नाही. मात्र वसुलीची मुदत आणि हप्त्यांची रक्कम ठरवण्याचा संपूर्ण अधिकार घाटाने सायकलस्वाराकडे सोपवला आहे, आणि नाक्यापासून परतणाऱ्यांना नेमका याच अधिकाराचा विसर पडलेला असतो. हलक्या स्वाराला वर पोहोचण्यास सव्वा तास लागला, तर त्याने चढण्यासाठी सरासरी 100 वॅट इतकी शक्ती खर्च केली. तितक्याच शक्तीने 95 किलोच्या स्वाराने पायडल मारले, तर वाऱ्याचा आणि घर्षणाचा हिशेब सोडून, तो पावणेदोन तासांत त्याच वाहनतळापाशी उभा राहतो. अर्धा तास अधिक लागला, यापलीकडे काहीही घडलेले नाही.

मग इतके लोक वाटेत का थकतात? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण छातीत किंवा मांडीत शोधण्यापूर्वी गिअरमध्ये शोधावे. पावणेदोन तासांत 9 किलोमीटर म्हणजे ताशी पाच किलोमीटरांच्या किंचित वरचा वेग. शर्यतीच्या धर्तीच्या ज्या सायकली दुकानात सहज मिळतात, त्यांच्या पुढच्या लहान चक्राला बहुधा 34 आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला 28 दाते असतात. त्या गिअरवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे सरकते, म्हणजे वरील वेगाला मिनिटात जेमतेम 34 फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला स्वाराला जवळजवळ उभे राहून दाबावे लागते, गुडघ्यावर ताण येतो, मांड्या भरतात, आणि दम लागण्याआधीच पाय जबाब देतात. उलट पुढे 22 आणि मागे 34 दात्यांची, डोंगरी सायकलीच्या घडणीची जोडी असली, तर तोच वेग, तीच शक्ती, पण मिनिटाला साठाच्या वर फेरे. प्रत्येक फेऱ्यात द्यावा लागणारा जोर जवळजवळ निम्मा. ज्या पायांना पहिला हप्ता डोईजड वाटला होता, तेच पाय दुसरा बिनतक्रार भरतात. म्हणून भरदार अंगाच्या माणसाने सायकल घेताना रंग आणि नाव पाहण्यापूर्वी हे दाते मोजावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

लहान गिअर वापरणे कमीपणाचे आहे, ही समजूत जुनी आणि युरोपीय वंशाची आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत 1910 साली पिरेनीजच्या उंच खिंडींतून जाऊ लागली, तरी तिचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी चालत्या सायकलीवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राला 1937 पर्यंत शर्यतीत मज्जाव केला. कस माणसाचा लागला पाहिजे, यंत्राचा नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. याच काळात सेंत-एत्येन गावी राहणारे पॉल द व्हिव्ही (1853–1930), ज्यांना जग 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ओळखते, ते आपल्या नियतकालिकातून सर्वसामान्य प्रवाशासाठी अनेक गिअरांचा हिरिरीने पुरस्कार करीत होते, आणि भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, असे नियमही घालून देत होते. आज देग्रांज यांच्या शर्यतीतला प्रत्येक स्वार व्हेलोसिओंच्याच बाजूने घाट चढतो.

शर्यतीच्याच संदर्भात एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' हा किताब देण्याचा दस्तूर आहे, आणि असे राजे बहुधा हलक्या बांध्याचे असतात, हे खरे; तथापि 1991 ते 1995 अशी ओळीने पाच वर्षे टूर द फ्रान्स जिंकणारा स्पेनचा मिगेल इंदुराइन सुमारे 80 किलो वजनाचा होता, आणि डोंगरात तो एका ठरावीक, अविचल गतीने चढत असे. हौशी स्वाराने त्याची ती समगती तेवढी उचलावी. आरंभीच्या दोन किलोमीटरांत, वर चढणाऱ्या इतरांकडे न पाहता, एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल इतक्याच जोराने पायडल मारावे.

उष्णतेचा विषय मात्र गांभीर्याने घेतला पाहिजे. शरीर जी ऊर्जा जाळते, तिच्यापैकी साधारण चौथाई चाकापर्यंत पोहोचते आणि उरलेली तीन चतुर्थांश उष्णता बनते. सपाट रस्त्यावर समोरचा वारा ती वाहून नेतो, पण ताशी पाच किलोमीटरांना वारा नसतोच, आणि स्थूल देहात वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी असल्याने ती आत साठत जाते. म्हणून उन्हे वर येण्यापूर्वी निम्मा घाट उरकावा, पाणी घोटाघोटाने घ्यावे, आणि सावलीच्या वळणावर पाय टेकवून थांबण्यात कसूर झाली असे मुळीच मानू नये. चाळिशी ओलांडलेल्याने हृदयाची तपासणी करून घेतल्याखेरीज या वाटेला लागू नये. आणि सरावासाठी आधी कात्रजचा जुना घाट, मग बोपदेव, आणि त्यानंतर सिंहगड, ही चढती भाजणी उत्तम.

हलक्या सायकलीसाठी मोठी रक्कम ओतणाऱ्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे, की सायकल दोन किलोंनी हलकी झाली तरी एकूण भार शेकडा दोनहून कमी घटतो, आणि पावणेदोन तासांत जेमतेम दोन मिनिटे वाचतात. तोच पैसा 32 किंवा 36 आऱ्यांच्या भक्कम चाकांवर, रुंद टायरांवर आणि उत्तम ब्रेकवर खर्चावा. कारण चढताना साठवलेल्या त्या किलोज्यूलांपैकी बरेचसे उतरताना अखेर ब्रेकमधूनच उष्णतेच्या रूपाने बाहेर पडायचे असतात. जड स्वाराने उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत, वळणापूर्वी दोन्ही मिळून जोराने लावावेत आणि लगेच मोकळे सोडावेत. आणि गडावर पिठले-भाकरी, दही खाऊन निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर किती झिजले आहे, हे वाकून एकदा पाहून घ्यावे.