ज्या ग्रंथाला फक्त हात जोडायचे, तो वाचायला मिळावा म्हणून सोलापूरचा एक व्यापारी मूडबिद्रीला गेला होता

वालचंद हिराचंद यांचं नाव निघालं की तीन गोष्टी आठवतात. सिंदियाची जहाजं, बंगळुरूचा विमानांचा कारखाना आणि प्रीमियरची मोटार. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या उद्योगपतीवर पुस्तकं आहेत, त्यांच्या नावाची कॉलेजं आहेत.

त्यांच्या वडिलांनी मात्र एक वेगळाच उद्योग केला होता. तो आज फारसा कुणाला माहीत नाही.

वडिलांचं नाव हिराचंद नेमचंद दोशी. घराणं मूळचं गुजरातमधलं, तिथून फलटण आणि मग सोलापूर. धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंद अजून नीट बोलायलाही लागले नसतील, तेव्हा हे हिराचंदशेठ कर्नाटकातल्या एका मंदिरात बंद करून ठेवलेले ग्रंथ बघायला निघाले होते.

झालं असं की १८८३ च्या सुमारास मुंबईचे जव्हेरी शेठ माणिकचंद यात्रेला मूडबिद्रीला गेले. हे गाव मंगळूरजवळ. दिगंबर जैनांचं मोठं तीर्थ. तिथे रत्नांच्या मूर्तींचं दर्शन घडवतात आणि त्यांच्यासोबत काही जुने ग्रंथही दाखवतात. ग्रंथ ताडपत्रांवरचे. (पावसाळ्यात ट्रकवर टाकतात ती ताडपत्री वेगळी, हे ताडाचं खरंखुरं पान.)

माणिकचंदांनी साधा प्रश्न विचारला, हे वाचतं कोण?

उत्तर मिळालं की वाचत कुणी नाही. दर्शन घ्यायचं, पूजा करायची, तेवढ्यात जन्म सार्थकी लागतो. वाचू शकेल असा एक जण श्रवणबेळगोळला आहे, त्यांचं नाव ब्रह्मसूरी शास्त्री.

माणिकचंदांनी पानांकडे नीट पाहिलं. पानं झिजत होती, कडा तुटत होत्या. मुंबईला परतल्यावर त्यांनी सोलापूरला मित्राला पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी हिराचंद नेमचंद ब्रह्मसूरी शास्त्रींना सोबत घेऊन मूडबिद्रीत हजर झाले. शास्त्रींनी ग्रंथाचा सुरुवातीचा भाग वाचून दाखवला.

पण त्या पानांवर असं होतं तरी काय?

ग्रंथाचं नाव षट्खंडागम. दिगंबर परंपरेत याच्याइतका मान क्वचितच दुसऱ्या ग्रंथाला असेल. आचार्य धरसेनांकडून शिकून पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींनी तो प्राकृतात रचला, असं ही परंपरा सांगते. पुढे नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, वीरसेन नावाच्या आचार्यांनी त्यावर 'धवला' ही टीका लिहिली. टीका म्हणजे इथे भाष्य. ही टीका ७२ हजार श्लोकांएवढी मोठी आहे.

आत्मा आणि कर्म हा विषय असला तरी वीरसेन मध्येच गणितात शिरतात. उदाहरणार्थ 'अर्धच्छेद'. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ते मोजायचं. ३२ चे १६, मग ८, ४, २, १. म्हणजे ३२ चे अर्धच्छेद ५. अकरावी-बारावीत लॉगॅरिदम शिकलेल्यांच्या लक्षात आलं असेल, हा २ या पायाचा लॉग आहे. युरोपात नेपियरने लॉगॅरिदमचं पुस्तक काढलं १६१४ साली. लखनौचे गणिताचे अभ्यासक अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतल्या गणितावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला हे कळलं.

असा हा ग्रंथ उरला होता फक्त मूडबिद्रीत. लिपी जुनी कन्नड, वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि वर कसर व वाळवीची धास्ती.

मग सरळ छापून का टाकला नाही, असा प्रश्न आज कुणालाही पडेल. पण त्या काळात धर्मग्रंथ छापणं हेच पाप वाटायचं. मराठी माणसाला हा वाद नवा नव्हता. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून लोक छापील कागदाला शिवायला तयार नव्हते. पुढे धर्मग्रंथांसाठी त्यांनी तुपाची शाई वापरली, असं सांगतात.

जैन समाजात तर अहिंसेचा प्रश्न आणखी टोकदार. शाईत काय असेल, रुळाला कातडं असेल का, ही एक शंका. दुसरी त्याहून खोल होती. हाताने लिहिलेला ग्रंथ मंदिरात, वेष्टनात, विधीपूर्वक राहतो. छापील पुस्तक दुकानात विकलं जाणार, कुणीही कुठेही ठेवणार, पानं फाटली की रद्दीत जाणार. ज्याला देवासारखं जपलं त्याची पुडी होणार, ही भीती होती. तिला निव्वळ खुळचटपणा म्हणून हसणं सोपं आहे, पण ज्यांनी आठशे-नऊशे वर्षं ती पानं सांभाळली त्यांचीच ही भीती होती. त्यांनी सांभाळली नसती तर छापायला काही उरलंच नसतं.

हिराचंद नेमचंद मात्र छापण्याच्या बाजूचे. १८८४-८५ च्या सुमारास त्यांनी सोलापुरातून 'जैन बोधक' हे मासिक सुरू केलं. देशातल्या सुरुवातीच्या जैन नियतकालिकांमध्ये त्याची गणना होते. सोलापुरातलं हिराचंद नेमचंद वाचनालय आजही त्यांचंच नाव सांगतं.

तरी मूडबिद्रीचं काम काही केल्या पुढे सरकेना. अजमेरच्या एका शेठनी नक्कल करवून घ्यायचा प्रयत्न केला, थोडं लिहूनही झालं. पण नक्कल अजमेरला न्यायची म्हटल्यावर भट्टारक, म्हणजे तिथले मठाधिपती, आणि पंचांनी नकार दिला.

अखेर माणिकचंद आणि हिराचंद यांनी वर्गणी गोळा केली आणि १८९६ साली मूडबिद्रीतच नक्कल करायला सुरुवात झाली. लेखनिक दोन, ब्रह्मसूरी शास्त्री आणि गजपती उपाध्याय. अट एकच होती, नक्कलसुद्धा मूडबिद्रीबाहेर जाणार नाही.

काम सुरू असतानाच ब्रह्मसूरी शास्त्री वारले. गजपती लिहीत राहिले. सगळे ग्रंथ उतरवून व्हायला १९२२ उजाडलं. सव्वीस वर्षं! आणि एवढं करून नक्कल कुठे, तर त्याच गावात, मूळ पोथीच्या शेजारी.

एव्हाना भलतंच काहीतरी घडून गेलं होतं.

गजपती उपाध्याय दिवसभर देवनागरीत नक्कल करत होते. त्याच वेळी गुपचूप कन्नड लिपीत दुसरी एक नक्कल तयार होत होती, आणि तिला हात लावला होता त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी. बाई विदुषी होत्या. ज्या ग्रंथाचं दर्शनच भाग्याचं मानलं जायचं, तो एका बाईच्या हाताने घरात उतरवला जात होता.

गजपती ही प्रत घेऊन आधी हिराचंदशेठकडेच गेले. ज्या माणसाने या ग्रंथासाठी इतकी वर्षं खटपट केली, त्याच्या दारात ग्रंथ आपणहून चालत आला. आणि हिराचंदांनी तो घेतला नाही. चोरून केलेली नक्कल घेणं त्यांना नीतीला धरून वाटलं नाही.

शेवटी उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती प्रत विकत घेतली. कन्नड लिपी तिकडे कोण वाचणार? म्हणून तिची देवनागरी नक्कल करायला पंडित बसवले. त्यातले एक सीताराम शास्त्री. त्यांनीही तेच केलं. मालकासाठी एक प्रत लिहिली आणि स्वतःसाठी एक ठेवून घेतली. त्या प्रतीवरून पुढे आरा, सागर, कारंजा, अमरावती अशा गावोगावी नकला पोहोचल्या. आजच्या भाषेत पीडीएफ लीक झाली म्हणा.

ही सगळी हकीकत छापून ठेवली ती प्रा. हिरालाल जैन यांनी. ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे आ. ने. उपाध्ये यांच्यासारख्या जाणकारांची मदत घेऊन त्यांनी या नकलांच्या नकला समोर ठेवून पाठ जुळवला. १९३९ साली अमरावतीतून षट्खंडागमाचा पहिला खंड हिंदी अनुवादासह छापून बाहेर आला. पुढच्या वीस वर्षांत १६ खंड निघाले.

मग मूडबिद्रीने काय केलं? विरोध होईल असं वाटलं होतं. पण सुरुवातीचे खंड बघितल्यावर तिथल्या भट्टारकांनी आणि पंचांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून बघायची परवानगी दिली.

तसं ताडून बघणं किती गरजेचं होतं, ते एका शब्दावरून कळतं. पहिल्या खंडातलं ९३ वं सूत्र स्त्रियांविषयी आहे. हाती आलेल्या नकलांमध्ये त्यात 'संजद' हा शब्द नव्हता. संजद म्हणजे संयत, मुनीच्या पातळीचा संयम असलेला जीव. संपादकांना संदर्भावरून वाटलं की इथे हा शब्द असायलाच हवा, म्हणून त्यांनी तळटीप दिली. त्यावरून रान पेटलं. कारण स्त्रीच्या देहात मोक्ष मिळत नाही, असं दिगंबर परंपरा मानते. त्या सूत्रात हा शब्द आला तर अर्थ कुठल्या कुठे जातो. पंडितांच्या सभा झाल्या, लेखांवर लेख आले. मूडबिद्रीच्या ताडपत्रात पाहिलं तर शब्द होता. एकातून दुसरी नक्कल होताना तो गळाला होता. त्याचा अर्थ कसा लावायचा, यावर वाद पुढेही चालला. पण हाताने लिहिलेल्या एखाद्या प्रतीत हा शब्द गळाला असता तर भांडायला तरी कोण आलं असतं? छापल्यामुळे सगळ्यांच्या हातात एकच पान होतं.

इकडे सोलापुरात दुसरी पिढी कामाला लागली होती. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ साली नाशिकजवळ गजपंथ इथे विद्वानांना बोलावून सल्ला घेतला आणि 'जैन संस्कृती संरक्षक संघ' काढला. सुरुवातीला ३० हजार रुपये दिले. १९४४ मध्ये जवळपास दोन लाखांची सगळी मालमत्ताच संघाच्या नावे केली.

त्यातून निघालेली जीवराज जैन ग्रंथमाला बघितली की थक्क व्हायला होतं. १९४३ मध्ये 'तिलोयपण्णत्ती'. १९४९ मध्ये आसामचे कृष्णकांत हंडिकी यांचा 'यशस्तिलक'वरचा इंग्रजी ग्रंथ. हे हंडिकी म्हणजे गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. १९५७ मध्ये पां. भी. देसाईंचं दक्षिणेतल्या जैन शिलालेखांवरचं पुस्तक. १९६३ मध्ये महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह'. परदेशातल्या एखाद्या विद्यापीठात भारतविद्येचं पुस्तक उघडलं आणि तळटीपांमध्ये 'शोलापूर' असं छापलेलं दिसलं, तर ते या ग्रंथमालेमुळे असण्याची शक्यता बरीच.

१९६५ मध्ये सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी षट्खंडागम एका खंडात संपादित केला, तो फलटणहून प्रकाशित झाला. त्याच फलटणला हे ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरूनही ठेवले आहेत. कागदाचा भरवसा नको म्हणून.

अमरावतीच्या आवृत्तीच्या प्रती हळूहळू संपत आल्या. सुधारून छापण्याचं काम जीवराज दोशींच्या संघाने हाती घेतलं आणि १९७३ पासून षट्खंडागमाचे नवे खंड निघू लागले. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर प्रकाशनाचं गाव होतं सोलापूर. हिराचंद नेमचंद मूडबिद्रीला गेले त्याला तेव्हा नव्वद वर्षं होत आली होती.