कंकालेश्वर ते नंदाखाल

बीडचा माणूस दगड बघतच मोठा होतो. पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वर, अंबाजोगाईचं खोलेश्वर. दगडावर दगड बसवलेला, सांध्यात चुना नाही. म्हणून वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चपाशी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा नजर आधी सांध्यांकडेच गेली. इथे चुना होता, भरपूर. चुन्यानेच कमानी पेलल्या होत्या.

आमचा जिल्हा कॅथलिक चर्चच्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो आणि हा धर्मप्रांत १९७७ सालचा. जुनी धर्मग्रामं, म्हणजे एकेका चर्चभोवतीची गावं, बघायची तर वसईच गाठावी लागते. मला तिकडे ओढलं ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबादेत ९३ वं साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष. 'सुबोध बायबल' लिहिणारा हा माणूस वसईजवळच्या नंदाखालचा.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेजुइट, डॉमिनिकन अशा एकेका संघाचं चर्च उभं राहिलं. पण मी रमलो तो तटाबाहेर, केळीच्या वाड्यांमध्ये. आगाशीचं धर्मग्राम १५५८ चं, सांडोरचं १५६६ चं, नंदाखालचं १५७३ चं. इमारती मात्र तेव्हाच्या तशाच राहिलेल्या नाहीत. पावसाळे झाले, वस्ती वाढली, तशा त्या दुरुस्त झाल्या, रुंदावल्या. याची हळहळ मला वाटत नाही. जिथे दर रविवारी माणसं येतात, ती वास्तू बदलणारच. हळहळ वाटते ती पाडताना जुन्या भिंतीचं साधं मोजमापही कुणी घेऊन ठेवत नाही, याची.

देवळात आपण एकेकटे जातो. अंधाऱ्या गाभाऱ्यापुढे क्षणभर थांबतो, हात जोडतो, मागच्याला जागा देतो. चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, तशी नाही. सगळ्या गावाने एकाच वेळी बसायचं, धर्मगुरूचे शब्द ऐकायचे, वेदी सर्वांना दिसली पाहिजे. म्हणून मधे खांब नसलेला लांबलचक मंडप, वर लाकडी छप्पर आणि टोकाला वेदी. बांधणीचं सगळं गणित या बसण्यातून आलेलं आहे. सेंट जोसेफचं छप्पर केव्हाच गेलं. वेदीवरचं अर्धगोल दगडी छत तेवढं टिकून आहे. मनोऱ्यातला चक्री जिना इतका अरुंद की वर चढताना दोन्ही खांदे भिंतीला घासतात. पायऱ्या मधोमध झिजल्यात. घंटा वाजवायला रोज कुणीतरी चढत असणार.

किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा आता तिथे नाहीत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि घंटा मराठी मुलखात आल्या. एक पालीच्या बल्लाळेश्वराला, एक वाईजवळ मेणवलीला. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. किती भाविकांनी ती वाजवली असेल आणि त्यातल्या किती जणांनी ते साल वाचलं असेल!

वसई मराठ्यांकडे आल्यावर युरोपीय मिशनरी गेले, तरी गावं आपल्या श्रद्धेला धरून राहिली. एतद्देशीय धर्मगुरूंनी ती सांभाळली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत व्हायला १९९८ उजाडलं. याच मातीत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. दरवर्षी त्यांच्या सणाला किल्ल्यात मिस्सा होते. पडक्या भिंतींमध्ये खुर्च्या मांडतात, वेदीवर पांढरं कापड अंथरतात आणि उघड्या आभाळाखाली मराठीतून प्रार्थना सुरू होते.