परसातल्या तळ्याची गळती

बागेतल्या तळ्याचे पाणी घटले म्हणजे तळे गळतेच असे नाही. एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या पठारावर उघड्या पाण्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला ८ ते १० मिलिमीटर उतरू शकते. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद तळ्यात एक सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. कुठेही भोक नसताना रोज तीन-चार बादल्या पाणी उडून जाते, आणि कारंजे असेल तर त्याहूनही जास्त.

ऊन आणि गळती यांचा निवाडा बादलीने करता येतो. तळ्यातल्या पायरीवर किंवा विटा रचून त्यांवर बादली ठेवायची, तिच्यात तळ्याचेच पाणी बाहेरच्या पातळीइतके भरायचे आणि आतून-बाहेरून खुणा करायच्या. पंप बंद ठेवून २४ तासांनी पाहावे. दोन्हीकडे पाणी सारखेच उतरले असेल तर ते उन्हाने गेले. बाहेर जास्त उतरले असेल तर तळे गळते आहे. पंप बंद असताना पातळी टिकते आणि चालू केला की झपाट्याने घटते, असे दिसल्यास तळ्याला हात लावायचे कारण नाही. दोष पाइपात, त्याच्या जोडात किंवा धबधब्याच्या वाटेवर असतो.

ही चाचणी टाळून अख्ख्या तळ्याला वॉटरप्रूफिंगचा लेप देण्याची घाई अनेक ठिकाणी होते. लेपाचा खर्च होतो, आणि पाणी काठावरून जातच राहते. कारण गळती पुष्कळदा तळाशी नसतेच. धबधब्याच्या दगडांमध्ये शेवाळ आणि पाचोळा साचला की पाणी तुंबून बाजूला चढते आणि अस्तराच्या मागे उतरते. काठाखालची भराव माती बसली की अस्तराची कडा तेवढ्या भागात खाली येते. बोटभर खचलेल्या कडेवरूनही दिवसभर पाणी पाझरत राहते. काठावरून बाहेर लोंबणारे शेवाळ, नारळाचा काथ्या किंवा गवताची मुळे दिव्याच्या वातीसारखी पाणी शोषून बाहेर नेतात. वैशाखात भोवतालची हरळी पिवळी पडलेली असताना एकाच जागी ती हिरवीगार असेल आणि तिथली माती बोटाला ओली लागत असेल, तर शोध तिथूनच सुरू करावा. अशा वेळी दगड उचलून खाली माती ठोकून भरली आणि अस्तराची कडा पुन्हा वर उचलली, की काम होते. त्यासाठी तळे रिकामे करावे लागत नाही.

काठ ठीक असेल तर पाणी भरणे थांबवून पातळी आपोआप उतरू द्यावी. ज्या उंचीवर ती थांबते, साधारण त्याच उंचीवर छिद्र किंवा भेग असते. मात्र मासे असतील तर पाणी फार खाली जाण्याआधीच त्यांना तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या टबात, सावलीत, एअर पंप लावून हलवावे. तळ्यातले पाणी निवांत झाले की पातळी थांबली त्या रेषेलगत सिरिंजने थोडे दूध हळूच सोडायचे. एरवी दुधाचा ढग जागीच रेंगाळतो. गळतीजवळ त्याची बारीक रेघ होऊन ती भेगेत ओढली जाते. घुशीचे बीळ, बांबूची मुळे आणि पाइप भिंतीतून जातो ती जागा विशेष तपासावी.

दुरुस्ती अस्तरावर अवलंबून असते. रबरी ईपीडीएम अस्तराला प्रायमर आणि त्याच जातीची पट्टी लागते, पीव्हीसीला पीव्हीसीचा चिकटद्रव. शेततळ्यात घालतात तो एचडीपीई कागद मात्र साध्या गोंदाला दाद देत नाही. त्याचा जोड गरम हवेच्या यंत्राने वितळवूनच घ्यावा लागतो. ठिगळ छिद्राच्या चहूबाजूंनी १० सेंटिमीटर मोठे, कोपरे गोल केलेले आणि जागा घासून पूर्ण कोरडी केलेली हवी. ज्या दगडाने किंवा मुळाने छिद्र पाडले ते खालून काढले नाही, तर ठिगळही फाटते.

सिमेंटच्या तळ्यात भेगेवर वरवर सिमेंट फासून उपयोग होत नाही. भेग छिन्नीने खोल आणि रुंद करून, धूळ काढून, ओली करून त्यात पॉलिमर मिसळलेला मसाला दाबून भरतात. ऊन-थंडीने हलणाऱ्या भेगेत कडक मसाला पुन्हा तडकतो. तिथे लवचिक पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे गवंड्याकडून वाटा, म्हणजे कोपऱ्यात मसाल्याचा गोलसर भराव, मारून घ्यावा. भरलेल्या मसाल्याला आठवडाभर पाणी मारावे. काळ्या मातीच्या तळ्याची गोष्ट उलटी: ते वाळू दिले तर नव्या भेगा पडतात, म्हणून पाणी थोडे ठेवूनच पाझराच्या जागी बेंटोनाइट मिसळलेली माती ठोकून बसवतात.

नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच ९ च्या वर गेला की माशांच्या कल्ल्यांना इजा होते. त्यामुळे तळे दोन-तीनदा भरून उपसावे आणि पीएच ८.५ च्या खाली स्थिरावल्यावरच मासे सोडावेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पिंपात दोन दिवस उघडे ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेट योग्य मात्रेत घालून मगच थोडे थोडे तळ्यात सोडावे.